बायोडिझेल मिसळल्यावर इंजिन दम सोडतंय? पंप उघडण्याआधी हे तपासा

"भाऊ, रिकामं चांगलं चालते, पण लोडवर दम सोडून रायलं." वर्धा-यवतमाळकडच्या गावांतून दुरुस्तीला येणारे ट्रॅक्टर आणि पाण्याची इंजिनं यांच्याबद्दल ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे, की माझा पहिला प्रश्न आता ठरलेला असतो. टाकीत काय आहे? उत्तर जरा थांबून येतं. कुणी रस्त्यावरून 'बायोडिझेल' म्हणून विकलं जाणारं काहीतरी घेतलेलं असतं. कुणी डिझेलमध्ये करंजाचं किंवा मोहाचं तेल मिसळलेलं असतं. कुणी हॉटेलातलं तळणाचं तेल धोतराच्या फडक्यातून गाळून ओतलेलं असतं.

या बिघाडात बहुतेकांचा पैसा चुकीच्या जागी जातो. थेट फ्यूल पंप खोलला जातो, नोझल (सिलिंडरमध्ये इंधन फवारणारे भाग) बदलले जातात आणि आठवडाभरात इंजिन पुन्हा जसंच्या तसं होतं. कारण बिघाड इंधनात, टाकीत किंवा फिल्टरमध्ये होता आणि तो तिथेच राहिला. म्हणून खालच्या तपासण्या सोप्यापासून अवघडाकडे आणि फुकटापासून महागाकडे लावल्या आहेत. क्रम मोडू नका. निम्म्याहून जास्त इंजिनं फिल्टरपर्यंत पोचेतोच सापडतात.

हे सगळं मेकॅनिकल पंपाच्या इंजिनांसाठी आहे: पाच-दहा हॉर्सपॉवरची पाण्याची इंजिनं, जुने ट्रॅक्टर, थ्रेशरला जोडलेली इंजिनं. नव्या कॉमन रेल इंजिनांबद्दल (ज्यांत सगळ्या नोझलना एकाच जास्त दाबाच्या नळीतून इंधन मिळतं) पुढे वेगळं लिहिलं आहे. ते वाचल्याशिवाय त्यांना पाना लावू नका.

लक्षणं

- सकाळी पहिल्या वेळी सेल्फ किंवा हँडल मारून मारून जीव जातो, पण एकदा गरम झालं की दिवसभर एका झटक्यात सुरू होतं.
- रिकाम्यावर आवाज गोल, लोड आला की आरपीएम बसतो. पाच मिनिटं बंद ठेवलं की पुन्हा थोडा वेळ चालतं.
- रेस न बदलता आवाज खाली-वर होत राहतो.
- नवा डिझेल फिल्टर थोड्याच तासांत जाम होतो.
- धूर वाढला आहे आणि त्याला भजी तळल्याचा वास येतो.
- रबरी नळ्यांच्या जोडाशी ओल दिसते, नळी फुगलेली किंवा नरम झालेली आहे.
- डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) इंजिन ऑइलची पातळी, ऑइल न घालता, वर चढली आहे.

शेवटचं लक्षण असेल तर पुढचं वाचण्याआधी इंजिन बंद करा आणि ऑइलच्या भागाकडे जा. बाकीच्यांसाठी एक दोन तासांनी काही बिघडत नाही.

आधी हे ठरवा: बायोडिझेल की नुसतं तेल?

वनस्पती तेलावर मेथॅनॉल आणि कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करून त्यातलं ग्लिसरीन वेगळं काढलं, धुतलं आणि वाळवलं की बायोडिझेल होतं. ही प्रक्रिया झालेली नसेल तर ते तेलच आहे, कितीही बारीक गाळलं तरी. फरक जाडपणात आहे. ४० अंशांवर डिझेलचा जाडपणा २ ते ४.५ सेंटिस्टोक असतो, चांगल्या बायोडिझेलचा ३.५ ते ५ आणि साध्या खाद्यतेलाचा ३० च्या वर. नोझलची भोकं डिझेलच्या हिशोबानं पाडलेली असतात. जाड तेलाची तिथून धुक्यासारखी फवारणी होत नाही. थेंब मोठे पडतात, अर्धे जळतात आणि उरलेलं नोझलच्या तोंडावर, पिस्टनच्या डोक्यावर आणि रिंगांच्या खाचांत कोळसा होऊन बसतं.

फसवणूक इथेच होते. डिझेलमध्ये कच्चं तेल मिसळलं तरी इंजिन पहिले कित्येक दिवस उत्तम चालतं. मग शेजारचा बघतो, तोही ओततो. कोळसा साठायला वेळ लागतो आणि दम जायला लागतो तेव्हा नेमका सोयाबीन काढणीचा किंवा पेरणीचा हंगाम असतो.

"पण डिझेल इंजिन मुळात तेलावरच चालायचं ना?" हा प्रश्न हमखास येतो. १९०० सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवलं होतं, हे खरं आहे. पण त्या काळच्या इंजिनांत दाबलेल्या हवेच्या झोतानं इंधन सिलिंडरमध्ये फुंकलं जायचं, आणि ती इंजिनं अवजड, संथ गतीची असत. आजचा पंप आणि आजचा नोझल त्या तेलासाठी बनलेला नाही.

आपल्याकडच्या तेलांचेही स्वभाव वेगळे आहेत. जवसाचं तेल हवेत वाळून पापुद्रा धरतं, म्हणूनच ते रंगात आणि वार्निशात वापरतात. इंजिनात तो पापुद्रा पंपाच्या प्लंजरवर (आत सरकून इंधन दाबणाऱ्या दांड्यावर) आणि रिंगांवर बसतो. जवस कुठल्याही प्रमाणात नको. एरंडीचं तेल इतकं जाड असतं की डिझेलमध्ये नीट मिसळतही नाही. गडचिरोली-गोंदियाकडे मोहाच्या टोळीचं (बियांचं) तेल मुबलक, पण त्यात आम्ल बरंच असतं. त्यावर सरळ कॉस्टिकची प्रक्रिया केली तर बायोडिझेलऐवजी साबण जास्त होतो, आधी आम्ल कमी करणारी वेगळी पायरी लागते. तळून तळून खवट झालेल्या तेलाचंही तेच.

घरी बायोडिझेल बनवायच्या भानगडीत पडू नका असं मी कळकळीनं सांगतो. मेथॅनॉलची वाफ आणि स्पर्श दोन्ही विषारी आहेत, थोडं पोटात गेलं तरी डोळे जातात, आणि त्याची ज्योत दिवसाउजेडी दिसतसुद्धा नाही.

विकत घेत असाल तर विक्रेत्याकडे आयएस १५६०७ प्रमाणे तपासणीचा कागद मागा. हे शंभर टक्के बायोडिझेलचं भारतीय मानक आहे. कागदावर निदान तीन आकडे बघा: पाणी किलोला ५०० मिलिग्रॅमच्या आत, आम्लांक ०.५० च्या आत, एकूण ग्लिसरीन ०.२५ टक्क्याच्या आत. कागद दाखवायला टाळाटाळ झाली तर तिथून रिकामी कॅन परत आणा.

पहिली तपासणी: काचेची बाटली

खर्च शून्य. टाकीच्या तळाच्या नटातून किंवा फिल्टरच्या बाऊलमधून लिटरभर इंधन स्वच्छ, कोरड्या, पारदर्शक बाटलीत घ्या. सावलीत रात्रभर ठेवा आणि सकाळी न हलवता उजेडात धरून बघा.

नितळ, एकसारखं असेल तर उत्तम. तळाशी पाण्याचा गोळा किंवा थर दिसला तर पाणी आहे. तपकिरी चिकट थर बसला असेल तर ग्लिसरीन किंवा साबण राहिलेला आहे. सगळंच गढूळ असेल तर पाणी मुरलेलं आहे. खरं बायोडिझेल डिझेलमध्ये एकदा मिसळलं की आपोआप वेगळं होत नाही, म्हणून थर पडला याचा अर्थ त्यात आणखी काहीतरी आहे.

तुमच्याकडे न मिसळलेलं बायोडिझेल शिल्लक असेल तर दुसरी परीक्षा करा. अर्धी बाटली बायोडिझेल, तेवढंच साधं पाणी, झाकण लावून दहा-पंधरा सेकंद जोरात हलवा. अर्ध्या तासात वर इंधन आणि खाली पाणी असे दोन स्वच्छ भाग झाले तर माल बरा आहे. मध्ये ताकासारखा पांढरा थर अडकून राहिला तर प्रक्रिया अर्धवट झाली आहे किंवा धुणं नीट झालेलं नाही. हे इंधन पुन्हा टाकीत टाकू नका.

तिसरी परीक्षा वजनाची. एकच बाटली, एकच खूण. त्या खुणेपर्यंत पंपावरचं डिझेल भरून वजन करा, मग तिथपर्यंतच बायोडिझेल भरून करा. दोन्ही एकाच जागी, एकाच तापमानाला. बायोडिझेल डिझेलपेक्षा लिटरमागे साधारण ३० ते ६० ग्रॅम जड भरायला हवं. फरक ८० ग्रॅमच्या पुढे गेला तर ते बहुधा कच्चं तेल आहे. डिझेलइतकंच किंवा त्याहून हलकं भरलं तर तुम्हाला बायोडिझेल म्हणून दुसराच काहीतरी द्रव विकला आहे. घरच्या काट्यावर होणारी ही तपासणी आहे आणि तिनं मला दुकानदाराच्या पावतीपेक्षा जास्त सांगितलं आहे.

गावात काही जण गरम तव्यावर थेंब टाकून तडतड ऐकतात. डिझेल मिसळलेल्या इंधनावर हा प्रयोग करू नका, ते पेटतं.

टाकीचं झाकण

इंजिन अर्धा तास बरं चालून मग मरत असेल तर चालू इंजिनवर टाकीचं झाकण सैल करा. 'सूं' आवाज येऊन हवा आत गेली आणि इंजिन सावरलं, तर झाकणाचं हवेचं भोक धुळीनं बुजलं आहे. टाकीत पोकळी तयार होते आणि फीड पंप (टाकीतून इंधन ओढणारा छोटा पंप) इंधन ओढू शकत नाही. मळणीच्या दिवसांत भुसा आणि धुळीनं हे सर्रास होतं. भोक बारीक तारेनं मोकळं करा, झालं.

पाणी

बायोडिझेल डिझेलपेक्षा जास्त पाणी धरून ठेवतं. पावसाळ्यात अर्धी भरलेली टाकी रात्री थंड झाली की आतल्या हवेतलं पाणी भिंतींवर जमतं आणि खाली उतरतं. पाणी आणि इंधन यांच्या सीमेवर जंतू वाढतात, त्यांचा काळपट बुळबुळीत थर होतो आणि पंपाच्या आतल्या भागांना गंज चढतो.

टाकीच्या तळाचा नट आणि वॉटर सेपरेटर असल्यास त्याचा बाऊल सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी उघडा. रात्रभरात पाणी तळाशी बसलेलं असतं. धार स्वच्छ इंधनाची येईपर्यंत काढा. रोज पाणी निघत असेल तर ते टाकीत तयार होत नाही, तुमच्या ड्रममधून येतंय. ड्रमची बाटली परीक्षा करा.

फिल्टर: कापून बघा

नवा फिल्टर लावून जुना फेकून देणं ही सगळ्यात मोठी चूक मी लोकांना करताना बघतो. जुन्या फिल्टरमध्ये बिघाडाचं नाव लिहिलेलं असतं. पत्र्याचा डबा कापा, आतला कागद उलगडा आणि पांढऱ्या थाळीत ठेवा.

कागदावर काळी, भुरभुरीत घाण असेल तर ती तुमच्या टाकीची जुनी घाण आहे. बायोडिझेल साचलेला मळ सोडवतं. वर्षानुवर्षं तळाशी आणि भिंतींना चिकटलेला डिझेलचा गाळ पहिल्या एक-दोन टाक्यांत सुटतो आणि सगळा फिल्टरवर येतो. म्हणून मिश्रण नव्यानं सुरू केल्यावर पहिला फिल्टर लवकर जाम होणं अपेक्षितच आहे. यात इंधनाचा दोष नाही. जवळ जास्तीचा फिल्टर ठेवा. एक-दोन बदलल्यावर त्रास थांबला तर काम झालं. तिसराही काळा झाला तर टाकी उतरवून धुवावी लागेल. पाण्यानं नाही, स्वच्छ डिझेलनं. आणि अशा टाकीला वेल्डिंग करायचं असेल तर ते माहीतगारालाच द्या, रिकाम्या टाकीतली वाफ भडकते.

चिकट तपकिरी लगदा असेल तर ग्लिसरीन, साबण किंवा हवेनं आणि उन्हानं बिघडलेलं जुनं इंधन आहे. इथे फिल्टर बदलून उपयोग नाही. सगळं इंधन काढा, टाकी साफ करा, नळ्या डिझेलनं धुवा, मग नवा फिल्टर. हे टाळून नुसते फिल्टर बदलत राहिलात तर फिल्टरच्या पैशात टाकी दोनदा साफ झाली असती.

काळपट, बुळबुळीत, कुजका वास येणारा थर असेल तर जंतू. पाणी काढा, टाकी घासून साफ करा.

पांढरट मेणचट थर असेल तर फिल्टर तासभर उन्हात ठेवा. विरघळला तर ती थंडीची भानगड आहे. न विरघळता पांढरा कीस तसाच राहिला तर प्रक्रिया अर्धवट राहिलेलं इंधन आहे, माल परत करा.

फिल्टरच्या आधी फीड पंपाची छोटी जाळी आणि काही इंजिनांत बँजो बोल्टच्या (नळीच्या जोडावरच्या पोकळ बोल्टच्या) आतली जाळी असते. ती बहुतेक जण विसरतात. नवा फिल्टर लावूनही दम येत नसेल तर हीच बुजलेली असते.

थंडी

विदर्भात थंडी किती, असं लोकांना वाटतं. २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचं किमान तापमान ३.५ अंशांवर उतरलं होतं. हरभऱ्याला किंवा गव्हाला रात्रीचं पाणी देताना नदीकाठच्या इंजिनाजवळ गारठा जास्तच असतो. पामतेलापासून केलेलं बायोडिझेल १५ अंशांच्या आसपासच मेण धरून गढूळ व्हायला लागतं. सोयाबीनचं त्यापेक्षा बरंच खाली. म्हणजे एकाच गावातल्या दोन शेतकऱ्यांपैकी एकाचं इंजिन पहाटे सुरू होतं आणि दुसऱ्याचं होत नाही, कारण त्यांच्या बायोडिझेलचं मूळ तेल वेगळं असतं.

तपासणी सोपी आहे. इंधनाची बाटली रात्रभर उघड्यावर ठेवा. पहाटे गढूळ आणि उन्हात पुन्हा नितळ, तर मेणच. डिसेंबर-जानेवारीत मिश्रणातलं बायोडिझेल कमी करा किंवा सरळ डिझेल वापरा. फिल्टरवर गरम पाणी ओतलं की मेण सुटतं. टाकीखाली कागद किंवा काड्या पेटवण्याची जुनी सवय आहे, ती सोडा.

नळ्या आणि हवा

टाकी खाली असेल तर टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढीवर चालते. तिथे बारीक फट असली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत ओढली जाते. म्हणून "कुठंच गळत नाही" याचा अर्थ नळी ठीक आहे असा होत नाही. आवाज खाली-वर होतो, लोडवर मरतं, पुन्हा एअर काढली की थोडा वेळ चालतं, ही हवेचीच लक्षणं.

बायोडिझेल नैसर्गिक रबराला आणि बऱ्याच जुन्या नळ्यांच्या नायट्राइल रबराला फुगवून नरम करतं. नळी बोटानं दाबा. चिकट, मऊ किंवा भेगा पडलेली असेल तर बदला. दुकानात 'व्हायटॉन'ची नळी आणि ओ-रिंग मागा. महाग आहे, पण त्या जागी तीच टिकते. फीड पंपाचा डायफ्रामसुद्धा याच दुखण्यानं जातो.

शंका मिटवायला फिल्टरनंतर वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडा आणि इंजिन चालवा. बुडबुडे जाताना दिसले तर हवा येतेय. मग एकेक जोड आवळा, जुने तांब्याचे वायसर बदला आणि फीड पंपाच्या हँडलनं एअर काढा. आधी फिल्टरचा स्क्रू, सलग धार आली की तो बंद, मग पंपाचा. पंपापासून नोझलकडे जाणाऱ्या जाड लोखंडी नळ्या चालू इंजिनवर सैल करू नका. त्यातून निघणारी बारीक फवारणी कातडी भेदून आत जाते. बाहेरून सुईच्या टोकाएवढी जखम दिसली, दुखत नसलं, तरी त्याच तासाला दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना सांगा की दाबाचं इंधन आत गेलं आहे.

याच वेळी हवेचा फिल्टरही बघून घ्या. ऑइलबाथ (हवा ऑइलमधून गाळणारा) असेल तर बाऊलमधलं ऑइल बदला. काळ्या धुराचं हे सगळ्यात स्वस्त कारण आहे आणि त्याचा बायोडिझेलशी संबंधही नसतो.

प्रमाण

बी-२० म्हणजे २० टक्के बायोडिझेल. इथवरच्या मिश्रणात उष्णता एक-दोन टक्क्यांनीच कमी असते, तेवढा फरक स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला कळत नाही. म्हणून "बायोडिझेलमुळे दम जातोच" हे मान्य करून बसू नका. बी-२० वर रोटावेटर ओढत नसेल तर बिघाड दुसरा आहे, शोधा. शंभर टक्क्यांवर मात्र लिटरमागे आठ-नऊ टक्के उष्णता कमी मिळते आणि रबर, थंडी, ऑइल सगळेच त्रास वाढतात. पंपावरच्या डिझेलमध्येही मानकाप्रमाणे ७ टक्क्यांपर्यंत बायोडिझेल असू शकतं, हे धरून प्रमाण ठरवा. वीसच्या वर जाऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे.

मिसळताना आधी डिझेल, त्यावर बायोडिझेल ओता. बायोडिझेल जड असल्यानं खाली जाताना आपोआप मिसळतं. उलट केलं तर ते तळाशी बसून राहतं आणि पहिला तास इंजिन जवळपास निव्वळ बायोडिझेलच पितं.

इंजिन ऑइल

डिपस्टिक काढा. पातळी खुणेच्या वर आणि ऑइल पातळ, इंधनाचा वास येणारं असेल तर न जळलेलं इंधन रिंगांवरून खाली उतरतंय. ऑइलचा थेंब वर्तमानपत्राच्या कागदावर टाका. काळ्या डागाभोवती पसरट तेलकट कडं आलं तर इंधनाची खात्री झाली. याउलट ऑइल जाड, डिंकट झालं असेल तर कच्चं तेल आत जाऊन घट्ट व्हायला लागलं आहे. हे जास्त वाईट, कारण ऑइलच्या वाटा बुजतात आणि बेअरिंग कोरडी चालतात.

दोन्ही प्रसंगी इंजिन चालवू नका. ऑइल आणि ऑइल फिल्टर बदला. पातळी फार वाढलेलं इंजिन स्वतःचंच ऑइल ओढून बेफाम पळू शकतं, तेव्हा डिझेल बंद करूनही ते थांबत नाही. तसं झालंच तर डिकॉम्प्रेशन लिव्हर (सिलिंडरमधला दाब सोडणारा दांडा) ओढा किंवा हवेच्या तोंडावर जाड फळी दाबून हवा बंद करा. हात किंवा कापड लावू नका.

मिश्रणावर चालणाऱ्या जुन्या इंजिनाचं ऑइल मी कंपनीनं सांगितलेल्या निम्म्या तासांवर बदलायला सांगतो. बेअरिंगच्या पुढे ऑइल स्वस्तच.

इथे थांबा

वरचं सगळं झालं, इंधन स्वच्छ आहे, हवा नाही, फिल्टर नवा आहे आणि तरीही दम नाही, तर आता काम तुमच्या पान्याचं राहिलं नाही.

ऑइल भरायचं झाकण चालू इंजिनवर काढून बघा. तिथून जोरात धूर फेकला जात असेल तर रिंगा चिकटल्या किंवा घासल्या आहेत. इंजिन खोलावं लागेल, मिस्त्रीकडे न्या. झाकणातून धूर नाही, पण सायलेन्सरमधून धूर, ठोके आणि दम कमी असेल तर नोझल काढून पंपरूममध्ये (पंप-नोझल दुरुस्तीच्या दुकानात) टेस्टरवर लावावेत. तिथे किती दाबाला उघडतो, फवारणी कशी आहे, थेंब गळतो का हे दिसतं. नोझलच्या तोंडावरचा कोळसा तारेच्या ब्रशनं किंवा सुईनं खरवडू नका. भोक थोडं जरी मोठं झालं तरी तो नोझल गेला. पुन्हा बसवताना वायसर नवाच.

फ्यूल पंप वावरात उघडू नका. प्लंजर आणि बॅरल यांच्यातली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत असते, एक धुळीचा कण पुरतो. टायमिंग बदलून "बायोडिझेलला सेट करून देतो" म्हणणाऱ्यालाही पंप देऊ नका. कॅलिब्रेशनचं बेंच असलेल्या दुकानातच द्या, आणि देताना आपलं इंधन काय होतं ते लपवू नका. सोबत त्या इंधनाची बाटली आणि कापलेला फिल्टर न्या. पंपवाल्याचं निम्मं काम तिथेच होतं आणि तुमचं बिल कमी येतं.

कॉमन रेलचं इंजिन असेल तर तुमची तपासणी बाटली, टाकीचं झाकण, पाणी, फिल्टर आणि डिपस्टिक एवढ्यावरच संपते. १ जानेवारी २०२३ पासून ५० हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरना धुराचे नवे नियम लागू झाले. अशा बऱ्याच इंजिनांत कॉमन रेल आहे आणि रेलमधला दाब हजार बारच्या वर जातो. कुठलाही नट सैल करून एअर काढायची नाही. कंपनीनं पुस्तकात लिहिल्यापेक्षा जास्त बायोडिझेल यात घालू नका, वॉरंटीही जाते. कच्चं तेल तर थेंबभरही नाही. एकदा गेलं असेल तर सेल्फ मारू नका, ट्रॅक्टर ओढून न्या.

साठवण आणि हंगाम

इंधन जस्ती पत्र्याच्या ड्रममध्ये किंवा तांबं-पितळ लागलेल्या भांड्यात ठेवू नका, या धातूंनी बायोडिझेल लवकर खराब होतं. जाड प्लास्टिकची स्वच्छ कॅन किंवा साधा लोखंडी ड्रम चालतो. तो काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून सावलीत ठेवा. एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्याच्या शेडखाली ठेवलेलं मिश्रण झपाट्यानं आंबट होतं. मिसळलेलं इंधन तीन महिन्यांच्या आत संपवा.

आणि हंगाम संपल्यावर इंजिन महिनोन्महिने उभं राहणार असेल तर शेवटची टाकी निव्वळ डिझेलची चालवा. पंप, नळ्या आणि नोझलमध्ये मिश्रण शिल्लक राहू नये एवढा वेळ, म्हणजे निदान तासभर लोडवर. मग टाकी डिझेलनं काठोकाठ भरा, तळाचं पाणी काढा आणि फिल्टरवर बदलल्याची तारीख लिहून ठेवा.